दोन वर्षांची अट आणि दहा महिन्यांचे काम

परदेशी जोडीदाराला भारतात राहण्याचा आणि नोकरी करण्याचा पक्का हक्क हवा असेल, तर कायद्यात एक आकडा निर्णायक आहे : २ वर्षे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ७अ नुसार भारतीय नागरिकाच्या किंवा ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळू शकते. त्यासाठी विवाहाची नोंदणी झालेली हवी आणि अर्ज करण्याच्या दिवशी तो विवाह सलग २ वर्षे टिकलेला हवा. ही तरतूद २०१५ च्या दुरुस्तीने आली. मायदेशी तात्पुरत्या कामासाठी येणाऱ्याचा करार मात्र बहुधा सहा, दहा किंवा अठरा महिन्यांचा असतो. कामाची मुदत अटीच्या मुदतीपेक्षा लहान, आणि नव्या जोडप्यांची सगळी अडचण या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

पनवेलमध्ये हा प्रश्न आज का विचारायचा, याचे उत्तर शहराच्या दोन बाजूंना मिळते. एका बाजूला उलव्याचा विमानतळ आहे. १,१६० हेक्टर क्षेत्र, पहिल्या टप्प्याचा खर्च १९,६५० कोटी रुपये आणि वर्षाला २ कोटी प्रवाशांची क्षमता. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, विमाने २५ डिसेंबर २०२५ पासून उडू लागली, आणि सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर क्षमता ९ कोटींवर जाणार आहे. म्हणजे साडेतीन पटींची वाढ अजून बांधायची आहे. दुसऱ्या बाजूला उरणचे जेएनपीए बंदर आहे. २०२३-२४ मध्ये तिथे सुमारे ६४.३ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरएवढे एकक) कंटेनर हाताळले गेले, २०२४-२५ मध्ये ७३ लाख. वाढ साडेतेरा टक्क्यांची. टर्मिनलची उभारणी, क्रेनचे ऑटोमेशन, सामानाच्या पट्ट्यांची यंत्रणा, सिग्नलिंग ही कामे ठरावीक मुदतीची असतात आणि ती करणारी माणसे रॉटरडॅम, हॅम्बुर्ग, दुबई, सिंगापूर इथून काही महिन्यांसाठी पाठवली जातात. त्यांत मराठी नावे असतात. काहींचे जोडीदार मराठी नसतात आणि भारतीयही नसतात.

अशी कुटुंबे किती, हे थेट सांगणारा तक्ता नाही. आजूबाजूचे आकडे आहेत. परराष्ट्र मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार परदेशात राहणारे भारतीय आणि भारतीय वंशाचे लोक मिळून सुमारे ३.५४ कोटी. त्यांतले भारतीय पासपोर्टवरचे १.५८ कोटी, परदेशी पासपोर्टवरचे १.९५ कोटी. ओसीआय कार्डांची संख्या जानेवारी २०२२ अखेर ४०.६८ लाख होती; मे २०२५ मध्ये सरकारने नवे पोर्टल सुरू केले तेव्हा ती ५० लाखांच्या पुढे गेलेली होती. सव्वातीन वर्षांत सुमारे एक चतुर्थांश वाढ. भारतीय नागरिकत्व सोडणाऱ्यांची संख्या २०११ मध्ये १.२३ लाख होती. २०२३ मध्ये ती २,१६,२१९ झाली आणि २०२४ मध्ये २,०६,३७८. एका वर्षात साडेचार टक्क्यांची घट झाली, तरी तेरा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आकडा दोन तृतीयांशाने मोठा आहे. याचा अर्थ असा की ‘मायदेशी’ परतणारी व्यक्ती स्वतःच परदेशी नागरिक असण्याची शक्यता वाढते आहे. तिच्याकडे ओसीआय कार्ड असेल, तर जोडीदाराला तीच २ वर्षांची अट लागू होते.

महाराष्ट्राचा वाटा पैशांच्या आकड्यात दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून आलेल्या वैयक्तिक रकमांपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात आल्या, केरळमध्ये १९.७ टक्के. २०१६-१७ मध्ये महाराष्ट्राचा वाटा १६.७ टक्के होता. पाठवणाऱ्या देशांत अमेरिका २७.७ टक्क्यांसह पहिली, संयुक्त अरब अमिराती १९.२ टक्क्यांसह दुसरी. पनवेलपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगडला या दोन्ही देशांची ओळख आहे, आखाताची अधिक जुनी.

पर्यटन मंत्रालयाच्या तक्त्यात एक विसंगती आहे. २०२४ मध्ये भारतात आलेले परदेशी पर्यटक सुमारे ९९.५ लाख, आदल्या वर्षी ९५.२ लाख; वाढ ४.५ टक्के. त्याच वर्षी आलेले अनिवासी भारतीय सुमारे १.०६ कोटी, आदल्या वर्षीपेक्षा १३ टक्क्यांनी जास्त. अनिवासी भारतीयांनी परदेशी पर्यटकांना मागे टाकले ही त्यातली बातमी. विसंगती अशी की नवरा भारतीय पासपोर्टवर आणि बायको जर्मन पासपोर्टवर एकाच विमानातून उतरली, तर ती दोघे दोन वेगळ्या रकान्यांत मोजली जातात. ती कुटुंब म्हणून आली, हे कोणत्याच रकान्यात उमटत नाही. धोरण आखणाऱ्याला जे मोजलेले दिसत नाही त्यासाठी तो नियम करत नाही, आणि व्हिसाच्या प्रकारांत याचा परिणाम दिसतो.

आता वाटा पाहू. परदेशी जोडीदार तीन प्रकारे येऊ शकतो. पहिला ई-टुरिस्ट व्हिसा. त्यावर सलग मुक्कामाची मर्यादा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपानच्या नागरिकांना १८० दिवस आणि बाकीच्यांना ९० दिवस. दहा महिन्यांच्या कामाला हा पुरत नाही, आणि त्यावर नोकरी करता येत नाही. दुसरा एंट्री व्हिसा, म्हणजे एक्स प्रवर्ग. भारतीय नागरिकाच्या किंवा भारतीय वंशाच्या व्यक्तीच्या जोडीदाराला तो ५ वर्षांपर्यंत मिळू शकतो. लग्न कालचे असले तरी चालते, उत्पन्नाची अट नाही. पण या व्हिसाने राहण्याचा हक्क मिळतो, नोकरीचा आपोआप मिळत नाही. नोकरी करायची तर वेगळी परवानगी किंवा वेगळा व्हिसा लागतो. तिसरे ओसीआय कार्ड. शुल्क परदेशात २७५ डॉलर, भारतात १५,००० रुपये. ते आजीवन, कितीही वेळा ये-जा करण्याची मुभा देणारे. कार्डधारकाला पोलिसांकडे परदेशी म्हणून नोंदणी करावी लागत नाही आणि नोकरी करता येते. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार, गिर्यारोहण अशा मोजक्या कामांना ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार विशेष परवानगी लागते. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे विकत घेता येत नाहीत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेतले अंतर मोजायला एक काल्पनिक कुटुंब घेऊ. नवरा पनवेलचा, भारतीय नागरिक, हॅम्बुर्गमध्ये नोकरीला. बायको जर्मन, पेशाने फिजिओथेरपिस्ट. कंपनीने नवऱ्याला १ ऑक्टोबर २०२६ ते ३१ जुलै २०२७ अशा दहा महिन्यांसाठी उरणला पाठवायचे ठरवले. एकूण ३०४ दिवस.

विवाहनोंदणी जून २०२२ ची असेल तर अडचण नाही. निघण्याआधी जर्मनीतल्या भारतीय वकिलातीत ओसीआयचा अर्ज करून कार्ड हातात घेऊन यावे. नोंदणी १० सप्टेंबर २०२४ ची असेल, तर २ वर्षे १० सप्टेंबर २०२६ ला पूर्ण होतात आणि विमानाला तीन आठवडे उरतात. जोडीदाराच्या अर्जाला सुरक्षाविषयक पूर्वमंजुरी लागते, ती अर्ज केल्यावरच सुरू होते. तीन आठवड्यांच्या भरवशावर कुटुंबाने तिकिटे काढू नयेत. एंट्री व्हिसा घेऊन ठेवावा.

नोंदणी १५ जानेवारी २०२५ ची असेल, तर नियमांतला फारसा चर्चेत नसलेला दुसरा आकडा पुढे येतो : ६ महिने. २ वर्षे १५ जानेवारी २०२७ ला पूर्ण होतात, म्हणजे भारतातल्या मुक्कामाच्या १०७ व्या दिवशी. पण भारतात राहून ओसीआयचा अर्ज करायचा तर अर्जदार भारताचा ‘सामान्य रहिवासी’ असावा लागतो, आणि गृह मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे त्यासाठी सलग ६ महिने इथे राहिलेले असावे लागते. ते १ एप्रिल २०२७ ला पूर्ण होतात. दोन वर्षे भरल्यावर आणखी ७६ दिवस थांबायचे. अर्ज दाखल करण्याच्या दिवशी ३०४ पैकी १८२ दिवस गेलेले, म्हणजे ६० टक्के मुक्काम संपलेला. उरलेल्या चार महिन्यांत छाननी आणि मंजुरी. कार्ड हातात पडेल तेव्हा सामान बांधायची वेळ आलेली असेल, आणि पनवेलच्या एखाद्या रुग्णालयाला मिळू शकली असती अशी फिजिओथेरपिस्ट दहा महिने घरी बसलेली असेल. टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला तर भारतातून हा अर्ज करताच येत नाही.

लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख यांत अंतर पडण्याचे कारणही आकड्यांतच आहे. परदेशातून सुट्टीवर येणारा मुलगा साधारण तीन आठवड्यांची रजा घेऊन येतो. तेवढ्यात साखरपुडा, हळद, लग्न, सत्यनारायण आणि कुलदैवताचे दर्शन होते. पण वधू किंवा वर परधर्मीय असेल तर लग्नाला विशेष विवाह अधिनियम, १९५४ चा आधार घ्यावा लागतो. त्यात दोघांपैकी एकाने नोटिशीआधी ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेले असावे लागते आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावे लागते. एकूण ६० दिवस. रजा २१ दिवसांची. म्हणून अक्षता पडतात, अल्बम तयार होतो आणि कायदेशीर नोंदणी ‘पुढच्या खेपेला’ राहते. ओसीआयच्या अर्जात अल्बमचा उपयोग नाही. परदेशात रीतसर नोंदवलेला विवाह चालतो, त्या प्रमाणपत्रावर अपोस्टिल (त्या देशाचे अधिकृत प्रमाणीकरण) किंवा भारतीय वकिलातीचे साक्षांकन लागते. त्या देशात नोंदणी आधी करून पनवेलचा सोहळा नंतर केला तर वर्षभर वाचू शकते.

कलम ७अ मधला ‘जोडीदार’ हा शब्द स्त्री किंवा पुरुष असे सांगत नाही, पण समलिंगी विवाहाला भारतात मान्यता नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी तो प्रश्न संसदेवर सोपवला.

ओसीआय नाही आणि नोकरी करायचीच, तर एम्प्लॉयमेंट व्हिसा उरतो. त्यासाठी वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये पगार हवा, म्हणजे महिन्याला १,३५,४१७ रुपये. स्थानिक उमेदवार सहज मिळतात अशा कामांना तो दिला जात नाही. परदेशी खाद्यपदार्थांचे आचारी, इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक आणि अनुवादक अशा काहींना पगाराची अट शिथिल आहे. आधी ही मर्यादा २५,००० डॉलर होती. १६.२५ लाखांना २५,००० ने भागले तर ६५ येतात, म्हणजे आकडा डॉलर ६५ रुपयांना असतानाचा आहे. डॉलर ९० रुपयांना धरला तर आजची मर्यादा सुमारे १८,००० डॉलर होते. डॉलरच्या हिशेबात ती २८ टक्क्यांनी खाली आली आहे, कोणी नियम न बदलता. पण मराठी कुटुंबाला हिशेब रुपयांत करावा लागतो, आणि महिना १.३५ लाख देणारी नोकरी दहा महिन्यांसाठी आलेल्या परक्या माणसाला मिळणे कठीण आहे. ही अट मुळात कंपन्यांनी पाठवलेल्या परदेशी तज्ज्ञांसाठी आहे. घरच्या माणसाबरोबर आलेल्या जोडीदाराला तीच पट्टी लावणे योग्य नाही.

कर हा वेगळा हिशेब आहे आणि त्यात आकडा १८२ दिवसांचा आहे. एका आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात राहणारा करासाठी निवासी ठरतो. साध्या वर्षात १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हे बरोबर १८२ दिवस होतात. येण्याचा दिवस धरला जातो. म्हणून १ ऑक्टोबरला उतरणारी पहिल्या वर्षी निवासी, २ ऑक्टोबरला उतरणारी १८१ दिवसांमुळे अनिवासी.

त्या एका दिवसाची किंमत काढता येते. २०२५-२६ चे दर घेऊ. ओसीआय कार्ड असलेल्या परदेशी पत्नीला इथे महिना २,१२,५०० रुपयांची नोकरी मिळाली, तर सहा महिन्यांचे १२.७५ लाख होतात. ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न १२ लाख. नव्या करप्रणालीत त्यावर ६०,००० रुपये कर येतो. निवासी व्यक्तीला तो सवलतीने पूर्ण माफ होतो. ही सवलत अनिवासींना नाही. त्यांना ६०,००० आणि ४ टक्के उपकर, एकूण ६२,४०० रुपये भरावे लागतात. २ ऑक्टोबरचे विमान तिकिटात दहा हजारांनी स्वस्त असले तरी महागच पडले.

उलट बाजूही पाहावी. निवासी ठरणाऱ्याला जगभरातले उत्पन्न इथे दाखवावे लागेल अशी भीती बऱ्याच जणांना असते. गेल्या १० वर्षांपैकी ९ वर्षे अनिवासी असलेला, किंवा गेल्या ७ वर्षांत ७२९ किंवा कमी दिवस भारतात राहिलेला, ‘निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला’ या वर्गात जातो. जर्मनीतल्या घराचे भाडे किंवा तिथल्या ठेवीचे व्याज अशा उत्पन्नावर त्याला इथे कर लागत नाही. दहा महिन्यांसाठी पहिल्यांदा येणारी पत्नी या वर्गात बसते. मात्र हॅम्बुर्गच्या मालकाचे काम पनवेलच्या घरात बसून लॅपटॉपवर केले, तर ती सेवा भारतात दिलेली ठरते आणि तो पगार भारतात कमावलेला धरला जातो, पैसे युरोत जर्मन खात्यात जमा झाले तरी. दुहेरी करकरारातून सवलत मिळू शकते, पण ती मागावी लागते.

दुसरी कसोटी ६० दिवसांची आहे आणि परदेशी जोडीदाराला ती अनपेक्षितपणे गाठते. वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात झाले असतील, तरी माणूस निवासी ठरतो. भेटीला आलेल्या भारतीय नागरिकाला आणि भारतीय वंशाच्या व्यक्तीला या ६० ऐवजी १८२ दिवसांची मुभा आहे. भारतातले उत्पन्न १५ लाखांवर असेल तर १२० दिवसांची. परदेशी पत्नी लग्नाने भारतीय वंशाची होत नाही, त्यामुळे ही मुभा तिला नाही. चार वर्षे दरवर्षी ९० दिवस सासरी राहिली तर ३६०, निभावले. दरवर्षी ९२ दिवस राहिली तर ३६८, आणि पाचव्या वर्षी दोन महिन्यांच्या मुक्कामातच ती निवासी. दिवसांचे हे आकडे १ एप्रिल २०२६ पासूनच्या आयकर अधिनियम, २०२५ मध्ये तसेच ठेवले आहेत.

घराच्या पातळीवर आकडे लहान होतात, पण चुकले तर महाग पडतात. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीने १४ दिवसांत नोंदणी करायची. एप्रिल २०१८ पासून ती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या (एफआरआरओ) ई-एफआरआरओ पोर्टलवर ऑनलाइन होते. ‘प्रत्येक मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त नको’ असा शेरा व्हिसावर असेल तर त्या मर्यादेत नोंदणी लागत नाही, म्हणून शेरा वाचावा. परदेशी पाहुणा राहायला आला की २४ तासांत कळवण्याची जबाबदारी घरमालकाची असते; लोक याला अजून ‘सी फॉर्म’ म्हणतात. हा नियम हॉटेलांपुरता आहे असा समज आहे. तो घरांनाही आहे, खारघरच्या भाड्याच्या फ्लॅटलाही. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक अधिनियमाने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार कायदे रद्द करून एक केला. त्यात मुदतीपेक्षा जास्त राहणे किंवा व्हिसाच्या अटी मोडणे यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

भाडेकरार पनवेलमध्ये ११ महिन्यांचा होतो. महिना ३०,००० भाडे आणि १ लाख अनामत धरली तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्क्यांनी साडेआठशे रुपयांच्या आसपास, महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,०००. खर्च किरकोळ आहे. अडते ते आधारवर. घरबसल्या ऑनलाइन नोंदणी आधारच्या अंगठ्यावर चालते, आणि परदेशी नागरिकाला आधार मिळायला आधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेले असावे लागते. ओसीआय कार्डधारकाचे आधार १० वर्षे चालते, इतर परदेशी नागरिकांचे व्हिसाच्या मुदतीपर्यंत. त्यामुळे पहिले सहा महिने करार, गॅस, सिम आणि बँक खाते नवऱ्याच्या किंवा सासूबाईंच्या नावावर चालते. परदेशात स्वतः कमावणाऱ्या बाईला हे जड जाते, आणि संसाराच्या पहिल्या वर्षी त्याची किंमत रुपयांत मांडता येत नाही.

पनवेलचे स्वतःचे एक वैशिष्ट्य आहे. महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ची, रायगड जिल्ह्यातली पहिली. २०११ च्या जनगणनेनुसार तिच्या क्षेत्रातली लोकसंख्या सुमारे ५.१ लाख. पण तालुका महसुलासाठी रायगड जिल्ह्यात, म्हणजे मुख्यालय अलिबाग. पोलिसांसाठी नवी मुंबई आयुक्तालयात. आणि ओसीआयचे काम मुंबईच्या एफआरआरओकडे, हार्बर लाइनने सव्वा तासापेक्षा जास्त अंतरावर. ऑनलाइन अर्ज भरताना जिल्हा आणि पोलीस ठाणे या दोन रकान्यांत इथली माणसे गोंधळतात. रायगड जिल्हा आणि नवी मुंबई पोलीस, दोन्ही बरोबर आहेत.

ओसीआयच्या नियमातला सर्वांत लांब हात असलेला आकडा ३ पिढ्यांचा आहे. अर्जदार स्वतः, त्याचे आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कोणीही कधी पाकिस्तानचा किंवा बांगलादेशाचा नागरिक असेल तर कार्ड मिळत नाही. मोजले तर १ अधिक २ अधिक ४ अधिक ८, असे १५ जण. लंडनमध्ये जन्मलेल्या ब्रिटिश मुलीचे एकटे पणजोबा १९४७ नंतर कराचीत राहून पाकिस्तानी नागरिक झाले असतील, तर बाकीच्या चौदांचा उपयोग होत नाही. कोकणी मुस्लिम कुटुंबांचे नातेवाईक फाळणीच्या आधीपासून कराचीत होते. रायगडच्या किनाऱ्यावर हा नियम पुस्तकी नाही. अशा जोडप्याला २ वर्षांनीही कार्ड नाही आणि १० वर्षांनीही नाही. स्वतः कधीही त्या देशात न गेलेल्या व्यक्तीला पणजोबांच्या पासपोर्टवरून सरसकट बाद करण्यापेक्षा तिची स्वतंत्र छाननी व्हावी. सुरक्षाविषयक पूर्वमंजुरी प्रत्येक जोडीदाराला घ्यावी लागतेच.

शंभर वर्षांपूर्वी परदेशी पत्नीच्या प्रतीक्षेचा हिशेब उलटा होता. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० मध्ये इडिथ कोहन या जर्मन ज्यू स्त्रीशी लग्न केले. त्या शीलवती केतकर झाल्या. १९१४ च्या ब्रिटिश कायद्यानुसार ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी लग्नानेच ब्रिटिश प्रजाजन धरली जाई. प्रतीक्षा शून्य दिवसांची, पण स्वतःचे वेगळे राष्ट्रीयत्व ठेवण्याचा पर्यायही बाईला जवळजवळ नव्हता. आज तिचा पासपोर्ट तिच्याकडेच राहतो आणि भारतीय नागरिकत्व हवेच असेल तर भारतात ७ वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. हा बदल चांगला आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांचे उदाहरण मायदेशी परतण्याच्या अडचणीचे आहे. गदर चळवळीतला हा माणूस मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झाला आणि १९३६ मध्ये त्याने बेल्जियन स्त्रीशी लग्न केले. स्वातंत्र्यानंतर भारतात येण्यासाठी त्यांनी मागितलेला व्हिसा आधी नाकारला गेला, कारण ब्रिटिशांची बंदी कागदावर शिल्लक होती. नंतर ती उठली. खानखोजे अखेर नागपुरात स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. जुना कागद वेळेवर रद्द न झाल्याने घरचा माणूस दाराशी अडतो, हे तेव्हाही घडत होते.

इतर देश वेगळी मोजपट्टी वापरतात. ब्रिटनने परदेशी जोडीदार आणणाऱ्याच्या उत्पन्नाची किमान मर्यादा ११ एप्रिल २०२४ पासून १८,६०० पौंडांवरून २९,००० केली. वाढ ५६ टक्के. ती पार केली की आलेला जोडीदार पहिल्या दिवसापासून नोकरी करू शकतो. जर्मनीत ब्लू कार्डवर गेलेल्या भारतीयाच्या जोडीदारालाही नोकरीची मोकळीक असते. भारत उत्पन्न विचारत नाही आणि ही त्याची उदार बाजू आहे. गरीब घरातल्या मुलालाही इथे परदेशी बायको घेऊन येता येते. पण पनवेलचा इंजिनीअर हॅम्बुर्गला गेला तर त्याची मराठी बायको तिथे लगेच कामाला लागते, आणि हॅम्बुर्गची बायको पनवेलला आली तर तिला दोन वर्षांचा हिशेब द्यावा लागतो, ही असमानता राहते.

दोन वर्षांच्या अटीमागे कारण आहे. केवळ कार्डासाठी लग्ने होऊ नयेत, हा तिचा हेतू. घटस्फोट झाला तर कलम ७ड नुसार जोडीदाराचे कार्ड रद्द करता येते. आजीवन कार्डाला ही काळजी रास्त आहे. नोंदवलेल्या विवाहाच्या आधारे दिलेल्या एंट्री व्हिसावर, व्हिसाच्या मुदतीपुरतीच, नोकरीची मुभा पहिल्या दिवसापासून दिली तर मात्र कार्डाचा धोका उद्भवत नाही; व्हिसा संपला की मुभा संपते. गृह मंत्रालयाने हा बदल करावा. त्याला नवा कायदा लागत नाही.

तोवर वाचकांना एवढेच सांगणे. लग्न कुठेही करा, नोंदणी त्याच महिन्यात करा. बाहेरच्या नोंदणीवर अपोस्टिल तिथेच घ्या. दोन वर्षे भरली असतील तर ओसीआयचा अर्ज परदेशातूनच करा, इथे येऊन सहा महिने थांबू नका. आणि कंपनी तारखा विचारेल तेव्हा रुजू होण्याची तारीख विवाहनोंदणीचा कागद समोर ठेवून सांगा.